पुसून ठेवलेले स्फटिक

या, जरा जवळ सरकून बसा. मोहरीएवढ्या निळ्या स्फटिकांनी मला कसं रडकुंडीला आणलं, ते सांगते.

पीएच.डी.साठी तांब्याचं एक संयुग घेऊन मी तीन वर्षं बसले होते. मिथेनॉलच्या कुपीत त्याचे स्फटिक देखणे वाढायचे. आतली रेणूंची रचना बघायला क्ष-किरणांच्या यंत्रावर ठेवले की पांढुरके पडून भुगा. यंत्राची पाळी महिन्यातून एकदा. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "या वेळी रचना मिळाली नाही, तर विषय बदला." आणि या वेळीही भुगाच झाला.

मी कपाळाला हात लावला. यंत्र सांभाळणारे मामा चष्म्यावरून बघत होते.

"ताई, इथे आणण्याआधी यांचं काय करता?"

"काय करणार? अ‍ॅसिटोनने धुते, टिपकागदावर कोरडे करते. ओलं काही यंत्राकडे न्यायचं नाही, ही सरांची शिस्त."

"न्हाऊ घालून, अंग पुसून आणता म्हणा. पावडर तेवढी राहिली."

"मामा, थट्टा नको. माझा जीव जातोय."

"त्यांचा आधी गेला. न धुतलेले आहेत का?"

"वर प्रयोगशाळेत आहे एक कुपी."

"मग आणा, द्रवासकट. सरांना मी बघतो."

धापा टाकत आणली. मामांनी द्रवातला स्फटिक थेट दाट तेलाच्या थेंबात घेतला, धाग्याच्या बारीक फासात उचलला आणि थंडगार नायट्रोजनच्या झोतात धरला. निळा होता, निळाच राहिला.

संध्याकाळी पडद्यावर रचना उमटली. तांब्याचे स्वतःचे बंध भक्कमच होते. पण एक रेणू शेजारच्या रेणूला कुठेच थेट धरत नव्हता. मध्ये मिथेनॉलचा एक इवलासा रेणू, एक हात याला, एक त्याला, नाजूक हायड्रोजन बंधांनी. सगळी इमारत त्याच्यावर उभी, आणि मी महिनोन्‌महिने त्यालाच मळ समजून पुसत होते. देवाने एवढ्याशा जिवावर केवढा भार टाकला होता, आणि माझ्या हातात टिपकागद. स्वतःचाच इतका राग आला की हसू फुटलं.

माझा विषय बचावला. सरांनी रचना पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "नीट कोरडे केले होते ना?"

मी मामांकडे पाहिलं. मामा चष्मा पुसत होते.

प्रबंधात मामांचं नाव घालायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून प्रयोगशाळेत तुमचा हात टिपकागदाकडे गेला, की आधी त्यांची आठवण काढा.