मी तिला झोपू दिलं

मी टेबल बोलतोय. कॉलेजच्या अभ्यासिकेतलं, खिडकीजवळचं, सहा जणांचं टेबल. सध्या जिन्याखालच्या अडगळीत उभा आहे आणि माझ्यावर दोन मोडक्या खुर्च्या उलट्या टाकल्या आहेत. त्यामुळे आवाज जरा दबलेला वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही बारा भावंडं एकाच आठवड्यात, एकाच सुताराच्या हातून तयार झालो. अकरा जणांचे पाय सारखे, माझा मात्र एक पाय नखभर आखूड. सुताराच्या ते लक्षात आलं होतं, पण तो जेवायच्या गडबडीत होता. "फरशीवर बसेल बरोबर," असं म्हणून त्याने मला गाडीत चढवलं. फरशीवर काही मी बसलो नाही. कुणी कोपर टेकलं की मी टक् करून डुलायचो. पोरं वैतागून पायाखाली कागदाची घडी सरकवायची आणि झाडणारी मावशी ती रोज सकाळी केरात काढायची. मला त्या डुलण्याची कधी लाज वाटली नाही. बोलायला मला तेवढंच तर दिलं होतं.

अभ्यासिकेत दोन तऱ्हेची मुलं येतात. एक अभ्यास करायला आलेली आणि दुसरी अभ्यासाला जातो असं घरी सांगून आलेली. थोड्या वेळाने दोन्ही झोपतात. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीतून ऊन यायचं, माझी फळी कोमट व्हायची, आणि मग पुस्तकावरचं डोकं हळूहळू खाली यायचं. एकदा गाल लाकडाला टेकला आणि श्वास संथ झाला की त्या मुलाचं स्वप्न माझ्यात झिरपायला लागायचं. हे कसं होतं ते मला विचारू नका. माझ्या अकरा भावंडांना असं काही होत नव्हतं, मी चौकशी केली आहे.

स्वप्नं काही फार भारी नसायची. एका मुलाची रोज तीच बस सुटायची. एकीची चप्पल हरवायची आणि ती अनवाणी वर्गात शिरायची. पैलवानासारखा एक गडी यायचा, त्याला स्वप्नात त्याची धाकटी बहीण रागवायची आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. पण मला त्याची चटक लागली. दिवसभर मी वाट बघायचो, आज कोण डोकं टेकतंय.

त्या सगळ्यांत मुंगी माझी लाडकी. हे तिचं कॉलेजातलं नाव. ठेंगणी, पाठीवर तिच्यापेक्षाही जड वाटेल अशी बॅग, आणि दारातून थेट माझ्याकडे, इकडे नाही तिकडे नाही. तिची एक मैत्रीण होती, रेडिओ. सकाळी सुरू झाली की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही. पहिल्या वर्षी मुंगीला गणिताच्या चाचणीत वीसपैकी तीन पडले. ती तोंड धुऊन आली आणि दिवसभर एकच पान उघडून बसली. दुसऱ्या वर्षी तिला वर्गात दुसरा नंबर मिळाला, तेव्हा दोघी इतक्या हसल्या की ग्रंथपाल मॅडमनी त्यांना आठवडाभर बाहेरच्या ओसरीत बसवलं. मधे एका वहीवरून दोघींचं बिनसलं. तीन महिने एक माझ्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मग एके दिवशी रेडिओला सर्दी झाली, मुंगीने न बोलता रुमाल सरकवला, आणि ते भांडण तिथेच संपलं.

मुंगीच्या घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा बेकरीची गाडी चालवायचे. पहाटे उठून दुकानादुकानांत पाव पोचवायचे, आणि निघण्याआधी तिचा डबा करून ठेवायचे. पोरगी शिकून पदवीधर होणार, या एका गोष्टीवर त्या माणसाचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. कपाळाएवढ्या उंचीवर त्यांनी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता, प्रमाणपत्र टांगायला. मुंगी हे रेडिओला सांगताना हसायची, पण सांगून झाल्यावर लगेच पुस्तक उघडायची.

शेवटच्या वर्षाची शेवटची परीक्षा आली. वेळापत्रक लागलं त्याच दिवशी मुंगीने ते स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं, चार रंगांच्या पेनांनी, पट्टीने रेघा मारून. सगळे पेपर दुपारी दोनला. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिने मोबाइल बंद करून बाबांच्या कपाटात ठेवून दिला. किती शहाणपणा तो. पुढच्या आठवड्यात फलकावर सुधारित वेळापत्रक लागलं. शेवटचा पेपर, संख्याशास्त्राचा, दुपारऐवजी सकाळी दहाला. सगळ्यांनी मोबाइलवर एकमेकांना कळवलं. मुंगीलाही कळलंच असेल असं सगळ्यांनी धरलं, रेडिओनेसुद्धा. आपल्याकडे एवढं सुंदर वेळापत्रक असताना मुंगी कशाला फलकाकडे बघतेय.

त्या सकाळी ती आठलाच आली. दुपारपर्यंत एक उजळणी होईल, असा तिचा हिशेब. दीड तास वाचलं, सूत्रं म्हणून पाहिली. मग वही मिटली, समाधानाने एक श्वास सोडला आणि गाल माझ्यावर टेकला. आणि मला तिचं स्वप्न दिसायला लागलं.

ती बाबांच्या शेजारी गाडीत बसली होती, मांडीवर गरम पावांचा ट्रे. रस्त्यावर कुणी नव्हतं. बाबांचे हात मांडीवर होते आणि गाडी आपली सावकाश स्वतःच चालली होती. ती एकेक पाव खिडकीबाहेर धरायची, आणि घरांची दारं थोडी पुढे झुकून तो अलगद घ्यायची. मग घरं संपली. रस्ता उताराला लागला. पुढे पाणी दिसायला लागलं, फार मोठं, फार शांत, आणि गाडी त्या पाण्यावरूनही तशीच निघाली. चाकं भिजत नव्हती. बाबा म्हणाले, "खिडकी लावू नकोस, वारा चांगला आहे."

असं स्वप्न मी आजवर पाहिलं नव्हतं.

पावणेदहाला अभ्यासिका भराभर रिकामी झाली. खुर्च्या सरकल्या, वह्या मिटल्या. इथे झोपलेलं डोकं रोजचंच, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. ग्रंथपाल मॅडमना पर्यवेक्षणाचं काम होतं, त्याही गेल्या. जाताना पैलवानाची बॅग माझ्या कोपऱ्यावर दाणकन आपटली. एरवी मी एवढ्याने दोनदा डुललो असतो. ती दचकून उठली असती, रिकाम्या खुर्च्या बघून कुणाच्या तरी मागे धावली असती. पण मला पुढचं बघायचं होतं. मी चारही पाय फरशीत रोवले, आखूड पायसुद्धा, आणि हललो नाही. मला पेपरचं माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण सगळी मुलं एकदम उठून का चालली, हा विचार मनात आला होता आणि मी तो बाजूला सारला, हेही तितकंच खरं आहे.

एक वाजून गेल्यावर रेडिओ आत आली. हातात प्रश्नपत्रिका.

"कुठल्या वर्गात नंबर होता गं तुझा? मी बाहेर शोधून दमले. पाचवा प्रश्न जमला का?"

मुंगी डोळे चोळत होती. "कसला पाचवा?"

"अगं, पेपरातला."

"पेपर दोनला आहे."

रेडिओ गप्प झाली. तीन वर्षांत मी तिला अशी पहिल्यांदा पाहिली. मुंगीने तिच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली आणि पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. मग म्हणाली, "सगळं येत होतं मला."

दोघी ऑफिसात गेल्या, सरांकडे गेल्या, मोठ्या सरांकडे गेल्या. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. गैरहजर म्हणजे गैरहजर. आता सहा महिन्यांनी.

घरी ती खरं सांगणारच होती. पण बाबा जेवत होते. त्यांनी विचारलं, "कसा गेला?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "चांगला गेला." त्या एका वाक्याला पुढे पाय फुटले. निकाल लागला तेव्हा ती पास झाल्याचं सांगून बसली. प्रमाणपत्र उशिरा मिळतं म्हणाली. रोज कॉलेजात कशाला जातेस, तर सरांनी संशोधनाला मदतीला ठेवलंय म्हणाली. हे सगळं मला कसं कळलं, तर रविवार सोडून रोज ती माझ्यासमोर बसून रेडिओला फोनवर सांगायची. रेडिओला नोकरी लागली होती. ती तिकडून ओरडायची, "अगं बाई, सांगून टाक ना एकदाचं." मुंगी म्हणायची, "उद्या सांगते."

दुपारी बाहेर जेवायला जाण्याआधी ती माझ्यावर डबा उघडायची आणि बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसायची. त्या पाच महिन्यांत तिने एकदाही माझ्यावर डोकं टेकलं नाही. झोप आली की उठून उभ्याने वाचायची. मी रोज मनात म्हणायचो, पोरी, चूक माझीही आहे. पण टेबलाचं मनातलं मनातच राहतं.

मग एका दुपारी ग्रंथपाल मॅडम एका माणसाला घेऊन आल्या. अंगात बेकरीचा सदरा, बाह्यांवर पीठ. "इथेच बसते ती," मॅडम म्हणाल्या. "जेवून येईल एवढ्यात. बसा."

ते बसले नाहीत. "बाई, एक विचारू? प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारायला मी ऑफिसात गेलो होतो. तिथे म्हणाले, तिचा एक पेपर राहिलाय. त्यांची काही चूक तर नसेल ना?"

"तिलाच विचारा," मॅडम एवढंच म्हणाल्या आणि आपल्या जागेवर गेल्या.

बाबा मुंगीच्या खुर्चीत बसले. तिची वही उघडी होती. त्यांनी ती पुढ्यात ओढली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि होती तशी परत ठेवली. पहाटे तीनला उठणारा माणूस. दुपार सुस्त होती. त्यांचं डोकं खाली आलं.

त्यांच्या स्वप्नात ते परीक्षेला बसले होते. बाक लहान होता, गुडघे मावत नव्हते. समोरच्या कागदावर बारीक अक्षरं, त्यातलं एकही लागत नव्हतं. आजूबाजूला सगळे खाली मान घालून लिहीत होते. पुढच्या बाकावर मुंगी होती. तिला हाक मारावी, असं त्यांना वाटत होतं. पण हाक मारली तर तिला वर्गाबाहेर काढतील, म्हणून ते ओठ घट्ट मिटून बसले होते.

मला हे बघवेना. माझ्यासारख्या हावरटाला पहिल्यांदा वाटलं, हे स्वप्न संपावं.

तेवढ्यात मुंगी दारात आली. बाबांना पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. मग एक पाऊल मागे गेली. आणखी एक. मला कळलं की ही आता जाणार. संध्याकाळी घरी नवीन काहीतरी रचून सांगणार, आणि हा माणूस तेही ऐकून घेणार. झोपेत बाबांचं कोपर जरासं हललं. मी अंग सैल सोडलं. टक्.

एवढ्या जोरात मी कधी डुललो नव्हतो. बाबा दचकून उठले आणि त्यांनी सरळ तिच्याकडे पाहिलं.

"आलीस? जरा डोळा लागला बघ."

"बाबा, तुम्ही इथे?"

"आलो असाच. तुझं सरांकडचं काम कसं चाललंय?" त्यांनी हे तिला अडकवायला विचारलं नव्हतं. तिला पळायला वाट राहावी, म्हणून विचारलं होतं.

ती समोरच्या खुर्चीत बसली. "काम वगैरे काही नाही बाबा. माझा शेवटचा पेपर राहिला. मी दिलाच नाही तो. वेळ दुपारची समजले आणि झोपून राहिले."

"कुठे?"

"इथेच."

त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "झोप चांगली लागते खरी इथे," ते म्हणाले.

ती हसली नाही, रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पेपरचं काही नाही गं. पुन्हा देशील. पण पाच महिने तू माझ्यासमोर बसून जेवलीस आणि एकटीच हे घेऊन झोपलीस. मला फार लागलं ते. मी काय तुझा परीक्षक आहे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटू दे की. वाईट वाटायला काय होतंय मला." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तिचे डोळे पुसले आणि तिच्या गालाला पीठ लागलं. मग दोघांनी मिळून उरलेला डबा संपवला, अभ्यासिकेत खायला बंदी असताना. मॅडमना ते दिसत होतं. त्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या.

पेपरच्या दिवशी मुंगी माझ्याकडे आली नाही. सकाळी आठपासून परीक्षेच्या खोलीबाहेर पायरीवर बसून राहिली, मला खिडकीतून दिसत होतं. जरा वाईट वाटलं. पण बरोबरच केलं तिने.

पुढच्या वर्षी अभ्यासिकेत नवी टेबलं आली, प्रत्येकाला वेगळा कप्पा असलेली. आमची रवानगी इथे, जिन्याखाली. परवा एकजण येऊन आम्हाला मोजून गेला, म्हणजे लवकरच कुणाच्या तरी घरी नाहीतर भंगारात. घरी नेलंत तर माझी एकच विनंती आहे. माझ्यावर कणीक मळा, इस्त्री करा, पोरांना चित्रं काढू द्या. पण परीक्षेच्या दिवसांत कुणी माझ्यावर झोपलेलं दिसलं तर माझ्या भरवशावर सोडू नका, हलवून उठवा. स्वप्नांच्या बाबतीत मी भरवशाचा नाही. एवढं सांगून थांबतो.

पण हो, निकालाचं राहिलंच की.

निकाल लागला तेव्हा मुंगी माझ्यापाशीच बसली होती. मोबाइलवर आकडे आले. तिने ते तीनदा वाचले आणि बाबांना फोन लावला. ते गाडी चालवत असावेत, उचलला नाही. ग्रंथपाल मॅडमनी लांबून भुवया उंचावून विचारलं, काय झालं? तिने मान हलवून सांगितलं, थांबा. रेडिओचे फोनवर फोन येत होते, तेही घेतले नाहीत. पाऊण तास ती दोन्ही हातांत मोबाइल धरून बसून राहिली. शेवटी बाबांचा फोन आला.

"बाबा, झाले मी पास. सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगतेय."

पलीकडून आधी एक हुंदका आला. मग गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, आधी एक, मग दोन, मग कितीतरी. बेकरीची गाडी भर रस्त्यात थांबली होती. मुंगी डोळे पुसत हसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाबा, ऐकताय ना? रडा हवं तेवढं, पण आधी गाडी बाजूला घ्या."