बावीस भरलेल्या वह्या

प्रेरणानं पकड मोजायचं यंत्र विजयकुमार काकांच्या उजव्या हातात पुन्हा दिलं आणि आकडा वाचला. तीन महिन्यांपूर्वी होता तेवढाच. बिघडलं असेल म्हणून तिनं स्वतः दाबून पाहिलं, तर काटा सरसर वर गेला. यंत्राला काही धाड भरली नव्हती.

काका पोलादाच्या प्लांटमधले वेल्डर. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. प्रेरणा खुर्सीपार वस्तीतल्या याच गल्लीत वाढलेली; लकव्यानंतर घरच्या घरी हात कसा परत आणता येतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिचं म्हणणं साधं होतं. रोज दोन तास रोग्यानं दुबळ्या हातानंच कामं करायची: चमच्यानं जेवायचं, बटण लावायचं, टॉवेलची घडी घालायची. केलं की वहीत खूण. पहिले काही महिनेच हात ऐकतो, मग हट्टी होतो, हे तिनं बावीस घरांत घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं होतं.

काकांच्या वहीत एकही चौकोन रिकामा नव्हता. म्हणजे आपली पद्धतच फोल, असं प्रेरणाच्या मनात आलं. तिनं दोन वर्षं यात घातली होती.

तेवढ्यात जेवायची वेळ झाली. काकांची बायको, सिंधुताई, ताट घेऊन आली, शेजारी बसली आणि वरणभात कालवून घास करू लागली. घास तोंडाजवळ यायच्या आधीच काकांनी आ केला. प्रेरणानं फळीवर नजर टाकली. तिनं दिलेला जाड मुठीचा चमचा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता.

तिनं विचारलं तशी सिंधुताई आधी इकडचं तिकडचं बोलली, मग रडायलाच लागली. पहिल्याच दिवशी काकांनी सगळं वरण अंगावर सांडलं होतं. तीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस, आणि स्वतःच्या सदऱ्याकडे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून तीच भरवत होती. बटणंही तीच लावायची.

"मंग वही कावून भरली, काकू?"

"तुह्या कामात आमच्या घरचं शून्य कसं लिहू, बाई? आपल्या गल्लीतली पहिली पोरगी एवढी शिकली. तुले मोठ्या लोकायसमोर मान खाली घालाले लावू काय?"

प्रेरणाला असा राग आला की वही भिरकावून द्यावी. पण रागवायचं कोणावर? तिच्या परीक्षांच्या महिन्यात अख्ख्या गल्लीनं टीव्हीचा आवाज बारीक ठेवला होता. याच बाईनं तिला कितीदा तरी जेवू घातलं होतं. मेलं हे प्रेम तरी कसलं, माणसाचा हात खाऊन बसलेलं!

"मी करतो, असं म्हणून राहिलो होतो," काका हळूच म्हणाले. "हिले पाहवत नव्हतं. आता होईल काय, पोरी?"

खोटं बोलायला तिची जीभ वळली नाही. "थोडं होईल, काका. पहिले झालं असतं तेवढं नाही."

सिंधुताईनं हातातला घास ताटात ठेवला. ती काकांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली, आणि एकदम तिला बाकीची घरं आठवली. रविवारी विहारात वंदना झाली की ती वही असलेल्या एकेका घरच्या बाईला गाठून सांगायची, म्हणाली, की वहीत जागा रिकामी सोडू नका, आपल्या पोरीचं नाव होते.

"सगळ्यायले सांगतलं मी," ती म्हणाली. "सत्यशीलाच्या पोराले तर पस्तिसावंच वर्ष लागलं, बाई."

त्याला लकवा मारून दोनच महिने झाले होते; त्याचा हात अजून ऐकला असता. प्रेरणा चपला घालून धावतच तिसऱ्या गल्लीत गेली. सत्यशीला दारातच भेटली आणि हसत हसत वही पुढे केली. प्रेरणानं ती उघडलीच नाही. पोरगा जेवला काय, एवढंच विचारलं, आणि जेवला तर कोणाच्या हातानं.

"माह्याच हातानं," सत्यशीला म्हणाली, "दोन महिन्यापासून एक घास चुकू नाही दिला."