पुरे म्हटल्यावर वाढलेली चकली

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पिण्याचं पाणी टँकरने येतं आणि कारंजं दिवसभर चालतं. अशा सुबत्तेच्या वस्तीतल्या शाळेने माझ्या मुलाला, ईशानला, 'गलोर' हा इंग्रजी शब्द द्यावा, यात नवल नाही. अर्थ, रेलचेल. पालकांसमोर उभं राहून अर्थ आणि उगम सांगायचा, इंग्रजीत. मोठ्या शिशूतल्या मुलांना बुटाचे बंद बांधता आले नाहीत तरी चालतं, उगम यायला हवा.

ईशान घरी मराठी बोलतो, खाली खेळताना कन्नड, आणि वर्गात काहीच नाही. शिल्पाश्री मिसनी गोड हसत सांगून ठेवलं होतं, "या वेळीही गप्प राहिला तर याच वर्गात पुन्हा बसवू."

मग काय, मी त्याच्याकडून घोकून घेतलं. गलोर मूळचा आयर्लंडचा, तिथे त्याचा अर्थ 'पुरेसं'. पुरेशाची रेलचेल कशी झाली ते मलाही कळलं नव्हतं, पण आईने न कळलेलं ठामपणे सांगायचं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आधी त्याच्या वर्गातल्या रक्षिताने पडद्यावर तिच्या शब्दाच्या उगमाचा नकाशा दाखवला. सुरेख होता. तिच्या वडिलांनी रजा घेऊन केला होता.

मग ईशान. उभा राहिला, बुटांकडे बघत. माझी नखं संपत आली.

शेजारी माझ्या सासूबाई तुंगाबाई, चामराजपेटच्या त्यांच्या घरून चकल्यांचा डबा घेऊन आलेल्या. "लेकरू भुकेलंय, शब्द कुठून फुटणार?"

"अहो, बसा ना."

"स्वल्प थांब गं." गेल्याच पुढे. त्याच्या हातावर चकली ठेवली. मग दुसरी.

"साकु, अज्जी," तो पुटपुटला. साकु म्हणजे पुरे. आमच्याकडे पुरे म्हटलं की वाढणाऱ्याला हुरूप येतो. तिसरी आली. त्याने दुसरा हात वर आडवा धरला, "पुरे!" चौथी बोटांच्या फटीतून आत गेली.

ईशानने मिसकडे पाहिलं आणि इंग्रजीत, खणखणीत, म्हणाला, "मी पुरे म्हणतो, अज्जी देतच राहते. याला गलोर म्हणतात."

मी आयर्लंडसाठी देवाचा धावा सुरू केला.

"आणि हा शब्द आला कुठून?" मिसनी विचारलं.

"चामराजपेट."

रक्षिताच्या वडिलांनी नापसंतीने मान हलवली. मिस मात्र हसल्या. "बोलतो की छान. जाऊ दे पुढच्या वर्गात," म्हणाल्या, आणि एक चकली घेऊन सासूबाईंना म्हणाल्या, "साकु."

सासूबाईंनी अर्थातच आणखी दोन ठेवल्या.