पाठ न सोडणारा मेसेज

रक्त तपासणीच्या केंद्रात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या ताईने लिहिलेला एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी आपोआप चालायचा. तयार झालेले रिपोर्ट शोधायचे, ज्याचा त्याला 'न्यायला या' असा मेसेज धाडायचा आणि शेवटी 'पाठवला' अशी खूण करायची, एवढंच त्याचं काम. आजवर ते बिनबोभाट चाललं होतं.

त्या सकाळी नेट मुंगीच्या पावलांनी चाललं. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू, तिच्या पाठोपाठ तिसरी. खूण व्हायलाच सवड मिळेना, त्यामुळे प्रत्येक फेरीला जुनेच रिपोर्ट नवे वाटत आणि त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मेसेज जात. ताईने प्रोग्राम बंद करेपर्यंत काउंटरवर लोक भांडायला उभे.

ती खाली जाऊन एकेकाची माफी मागू लागली. बाकावर एक म्हातारे शिंपी बसले होते, गळ्यात अजून टेप. घाम पुसत म्हणाले, "बाई, खरं सांगा. किती वाईट आहे? इतक्यांदा बोलावताय म्हणजे..."

"नाही हो काका! चूक माझी आहे. मेसेज एकदाच जायला हवा होता."

काकांनी सुस्कारा सोडला. मग हळूच म्हणाले, "एकदाच आला असता तर मी आलो नसतो. पहिला आला तो पुसून टाकला. बायकोला सांगणार होतो, सगळं ठीक आहे म्हणून. पण हा बाबा पाठच सोडेना! शेवटी तीच म्हणाली, एवढे मेसेज कोणाचे? आणि मला घेऊन इथे आली."

"मग काकू कुठे आहेत?"

"बाहेर. आत यायला घाबरते."

ताईने काकूंना हाताला धरून आत आणलं आणि दोघांना डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट चांगला नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात येईल, अजून उशीर झालेला नाही. काकू ढसाढसा रडल्या, मग नवऱ्यावरच उखडल्या, "माझ्यापासून लपवणार होता होय!" काका खाली मान घालून हसत होते.

ताईने वर येऊन प्रोग्राम सुधारला. आधीची फेरी पुरती संपल्याशिवाय पुढची सुरूच होणार नाही, असं केलं. मग ती साहेबांकडे गेली.

"दोन दिवसांत जे रिपोर्ट न्यायला येत नाहीत, त्यांना काउंटरवरून फोन करू या. माणसाने."

"उगाच काम वाढेल."

"वाढू दे. पहिले काही मीच करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिला नंबर फिरवला. पलीकडून कोणीतरी घाबरत विचारलं, "कोण?"

"घाबरू नका," ताई म्हणाली, "तपासणी केंद्रातून बोलतेय. रिपोर्ट न्यायचा राहिलाय ना, म्हणून सहज चौकशीला फोन केलाय."