देवाच्या बोकडाचा खूर

शिरूर कासारच्या बाजारात एका टेम्पोभोवती अशी झुंबड उडाली होती की विचारू नका. कपाळाला भंडारा, गळ्यात घंटी असा एक बोकड मागचा पाय उचलून लंगडत आला. बद्रीनाथ महाराजांनी त्याच्या गुडघ्याला तेल चोळलं, काहीतरी पुटपुटले, आणि बोकड चारी पाय टेकवून तुरुतुरु चालायला लागला!

"माणूस सोंग करंल," महाराज माईकवर गरजले, "पण मुकं जनावर कवा खोटं बोलंल का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली. निम्मी गर्दी शेळ्या राखणाऱ्यांचीच होती.

आईसोबत आलेल्या उज्ज्वलाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पशुवैद्यक कॉलेजात तिचा अभ्यासच हा होता. माणसाच्या गुडघ्याची झीज कशी वाढत जाते हे कळावं म्हणून ती शेळ्यांच्या गुडघ्यांचे महिनोन्‌महिने एक्स-रे काढायची. झिजलेला गुडघा असा चुटकीसरशी बरा होत असेल, तर आम्ही तिथं काय झक मारतोय?

तिची आई मनकर्णा तेलाच्या रांगेत उभी होती. ऊस तोडून तोडून तिचे गुडघे पार गेले होते.

"तेल लावते अन् परवा टोळीसंगं तोडीला जाते," आई म्हणाली.

"आई, डॉक्टरांनी मोळी उचलायची नाही म्हणून सांगितलंय. कायमची बसशील!"

"डॉक्टरानं बोकड चालवून दावला का?"

आणि ती रांगेत एक पाऊल पुढं सरकली.

दुपारी दुसरा खेळ लागला. तोच बोकड टेम्पोमागून पुन्हा लंगडत आला.

"महाराज, हा सकाळी बरा झाला होता ना?" उज्ज्वलानं विचारलं.

"लेकी, भक्तांची पीडा हा आपल्या अंगावर घेतो."

वा, काय सोय! उज्ज्वलानं बोकडाच्या मांड्या निरखल्या. दोन्ही सारख्याच भरलेल्या. गुडघा दुखत असता तर त्या पायाची मांडी वाळली असती. तिनं शेजारी उभ्या, आईच्याच टोळीतल्या तात्याबांना विचारलं, "तुमची शेळी लंगडली तर आधी काय बघता?"

"खूर. आणिक काय?"

"मग याचा का नाही बघितला?"

तात्याबांनी कान धरले. "देवाच्या नावानं सोडलेलं जनावर हाय, पोरी. हात लावत नसतात."

इथं पाणी मुरत होतं तर!

"महाराज," ती मोठ्यानं म्हणाली, "तेल लावा. पण खुराला हात न लावता."

"पाखंडी!" महाराजांचा आवाज चिरकला. "देवाचा कोप हुईल!"

गर्दी उज्ज्वलावरच उलटली. तात्याबासुद्धा म्हणाले, "गप बस." तेवढ्यात रांगेतून मनकर्णा पुढं आली. "आई गं" करत कशीबशी खाली बसली.

"देवाचा असला तरी खूर बोकडाचाच हाय," ती म्हणाली आणि तिनं त्याचा लंगडा पाय उचलला. खुराच्या फटीत टोकदार खडा रुतवलेला होता. तिनं तो काढला. बोकड तेलाबिगर चालत गेला आणि कोथिंबिरीच्या ढिगात तोंड घालून उभा राहिला.

महाराजांचा एक हात गुडघा चोळायचा, दुसरा खडा काढायचा. टेम्पोमागं त्यांचा चेला तो पुन्हा बसवायचा. एवढीच सगळी सिद्धी!

महाराज टेम्पोकडं सटकले, पण खडा दिसताच तात्याबांनी चावी काढून मुठीत धरली होती.

"बोकड खोटं बोलला नव्हता," उज्ज्वला लोकांना म्हणाली. "खडा टोचतोय, एवढंच तो सांगत होता. आपण विचारलंच नाही. हात जोडायचे तर जोडा, पण आधी खूर उचलून बघा."

मनकर्णाला काही उठता येईना. लेकीनं तिला काखेत धरून उभं केलं.

"माज्याबी गुडघ्यात खडाच असता तर लई बरं झालं असतं गं."

उज्ज्वलानं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "झीज अशी काढता येत नाही, आई. पण जपलं तर वाढायची थांबवता येईल."

मनकर्णानं हातातला खडा एकवार पाहिला आणि फेकून दिला.

"तात्याबा, टोळीला सांगा," ती म्हणाली, "मनकर्णा आवंदा येत न्हाई."