कृतज्ञ सुनेचं पत्र

आठवडा झाला तरी दारातला चपलांचा ढीग हटत नव्हता. शेजारीण, तिची नणंद, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांच्या हातात तेच वर्तमानपत्र. त्यात धाकट्या सुनेचा हसरा फोटो आणि खाली मजकूर : "तीन आठवड्यांत माझ्या सासूबाईंची साखर पळाली! हजारो कुटुंबांचा अनुभव. डॉक्टरही चकित! गोडमुक्ती अर्क. आजच कूपन पाठवा."

"हजारो म्हणजे काय थोडे झाले?" शिंपी म्हणाला. "आणि पेपरात खोटं छापतील होय?"

"माझी सून लाखात एक," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

थोरली सून आत भांडी आदळत होती. नुसता जळफळाट! नऊ वर्षं रोज सकाळी सासूबाईंच्या तळहातावर मधुमेहाची गोळी ठेवली तिने. कुणी फोटो काढला? आणि ही कालची आलेली, एक बाटली मागवते काय नि लाखात एक होते काय! अर्क घरात आल्यापासून सासूबाईंनी गोळीला हात लावला नव्हता. थोरलीला गोळीपेक्षा आपलाच अपमान जास्त झोंबला होता, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

म्हणून तर तिने गुपचूप कूपन पाठवलं होतं. स्टुडिओत जाऊन, ठेवणीतली साडी नेसून फोटोही काढून घेतला होता.

त्या दुपारी पार्सल आलं. सीलबंद बाटली आणि सोबत एक छापील पत्र. "तीन आठवड्यांत माझ्या ........ साखर पळाली!" पुढचंही सगळं तेच. खाली सूचना होती : रिकामी जागा भरून फोटोसह आजच पाठवा; निवडक पत्रांना प्रसिद्धी आणि सहा बाटल्या भेट.

थोरलीने पेन उचललं आणि झरझर लिहून टाकलं, "सासूबाईंची".

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "अगं, दुसरं फडकं दे. हे परत भिजलं बघ."

तिने हातातल्या पेनाकडे पाहिलं, मग न फोडलेल्या सीलकडे. शरमेने तिचे कान तापले. ती तशीच उठून बाहेर आली आणि पत्र सगळ्यांसमोर धरलं.

"हे माझं. बाटली उघडलीसुद्धा नाही आणि आईंची साखर पळवून मोकळी झाले मी."

"तुम्ही मागवलीत, ताई?" धाकटी चाट पडली.

"हो, मागवली! तुझा फोटो बघून पोटात दुखलं माझ्या. आता तू खरं सांग, तू कधी लिहिलंस?"

धाकटीची मान खाली गेली. "पार्सल आलं त्याच दिवशी. पेपरात फोटो येणार म्हणून..."

"आणि ते हजारो?" शिंप्याने विचारलं.

"आम्हा दोघींसारखेच असतील. चकित डॉक्टरांचं नाव कुठंय? आणि तळाशी हे बारीक अक्षरात वाचा : 'गुण प्रत्येकाला येईलच असे नाही.' साखर पळाली म्हणता, पण ती तपासली कुणी?"

कुणीच तपासली नव्हती. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासली, तर पूर्वीच्या दुप्पट. "अजून आठवडा थांबला असतात तर अंगठा गेला असता," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी निमूट तळहात पुढे केला. थोरलीने गोळी ठेवली, धाकटीने पाण्याचा पेला दिला. "गुणाची गं," सासूबाई धाकटीला म्हणाल्या आणि थोरलीच्या पोटात पुन्हा थोडं दुखलंच. मत्सर असा एका रात्रीत जात नाही. तो जातो, अशीही जाहिरात कुणी करू नये.

पण तेव्हापासून कुणी पेपर नाचवत दारात आलं, की थोरली आतूनच विचारते, "हे लिहिणाऱ्याने बाटली उघडली होती का?" तुम्हीही विचारत चला.