गाठी माझ्या, नाव युरियाचं

बोलणार नव्हते, पण आता गप्प राहवत नाही. मी वाटाण्याची वेल. बाजारात टोपलीभर शेंगा बघून तुम्ही भाव विचारता, ती मी नव्हे. ती माझी लाडावलेली चुलत बहीण. मला हिवाळ्यात रिकाम्या शेतात पेरतात आणि शेंगा भरायच्या आत कापतात. मातीत मिसळायचं आणि पुढच्या पिकाला पोसायचं, एवढंच माझं काम. माझं काहीच विकायला जात नाही, आणि जे विकायला जात नाही त्याला घरात काय किंमत असते, हे मी सांगायला नको.

मी या शेतात आले त्याच सुमारास या घरात नवी सून आली. आम्हा दोघींवर सासऱ्यांनी लगेच आपलं मत देऊन टाकलं. तिच्याबद्दल म्हणाले, "कमी बोलते, बरं आहे." माझ्याबद्दल म्हणाले, "खायचं नाही, विकायचं नाही, तर पेरायचं कशाला?"

"जमिनीसाठी, बाबा," मुलगा म्हणाला.

"जमीन तुझ्याकडे मागायला आली होती का?"

पेरण्याआधी माझ्या बियांना जिवाणूंची काळी पूड चोळायची असते. साखरेच्या पाण्यात कालवून, सावलीत, हलक्या हाताने. ते काम अर्थातच सुनेकडे आलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. सासूबाई तिथून जाताना थबकल्या. "अगं, लोक विचारतील, सून आणलीत की कोळशाची वखार!" सून हसली, हसताना तिने नाक खाजवलं आणि नाकही काळं झालं.

ते जिवाणू माझ्या मुळांवर गाठी करून राहतात. मी त्यांना साखर पुरवते, ते मला हवेतलं नत्र पकडून देतात. नत्र म्हणजे तेच, ज्यासाठी तुम्ही युरियाची पोती उचलून आणता. हवेत ते चिक्कार आहे, पण फुकटच्या गोष्टीकडे वर मान करून बघतो कोण?

माझ्यासोबत ओट पेरला होता, गव्हासारखं ताठ उभं राहणारं गवत. त्याला हवेतून काही घेता येत नाही. पण मागच्या पिकानंतर जमिनीत उरलेलं नत्र पावसाने वाहून जाऊ नये म्हणून तो ते उचलून स्वतःत ठेवतो. त्याने राखायचं, मी कमवायचं. मी त्याच्या खांद्यावर रेलून वाढायचे आणि तो कधी कुरकुरला नाही. इतका समंजस शेजार माणसांतही मिळत नाही.

थंडी सरत आली तेव्हा सासरे शेतात आले आणि त्यांनी मला मुळासकट उपटलं. "हे बघा! गाठी! टोमॅटोला आली होती तीच कीड. आजच औषध मारा."

माझ्या कमाईला कीड म्हणाले! घाम गाळून जमवलेलं कोणी समोर धरून 'हा आजार आहे' म्हणावं, तसं मला झालं.

सुनेने ते मूळ हातात घेतलं. अंगठ्याने एक गाठ ढकलली, ती अलगद सुटून आली. तिने ती नखाने फोडली. "अहो, ही आतून गुलाबी आहे."

मुलगा वाकून बघू लागला. "मग कीड नाही, बाबा. किडीने मूळच फुगतं, ते असं सुटून येत नाही. गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय."

"गुलाबी असो नाहीतर जांभळी, गाठ ती गाठच."

औषध मारायचं राहिलं, पण सासऱ्यांना पटलं म्हणून नव्हे. फवारणीचा पंप बिघडला होता म्हणून.

आता खरी गोष्ट. मला कापायची एक वेळ असते. माझ्यावर फुलं आलेली असावीत आणि ओट अजून हिरवा, कोवळा असावा. त्यासाठी ट्रॅक्टरमागे लावायचं कुट्टी यंत्र या घरात आहे. नेमका तेव्हाच जावयांचा फोन आला. "बाबा, जरा चार दिवस द्याल का?"

"न्या की! घरचंच आहे," सासरे म्हणाले.

चार दिवस कसले! माझी फुलं गळाली. ओट पिवळा पडला, मग वाळला, मग वाऱ्यावर खडखड वाजू लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, यंत्र मागा ना परत."

"जावयाकडे मागायचं? काही रीतभात आहे की नाही?"

"मग मी मागतो."

"तू तर मुळीच नको!"

यंत्र आलं तेव्हा ओटाचं काड झालं होतं. आम्हा दोघांची कुट्टी मातीत गेली आणि लगेच वर मका पेरला. कोवळी पानं मातीत मिसळली तर भराभर कुजतात आणि नत्र मोकळं करतात. सुक्या काडाचं तसं नाही. ते कुजवणाऱ्या जिवांना काडातून नत्र मिळत नाही, म्हणून ते जमिनीतलं ओढून घेतात. माझी कमाई अशी त्यांच्यात अडकून पडली. गेली नव्हती, फक्त अडकली होती. पण तेवढ्यात मका पिवळा पडला.

सासरे बांधावर उभे राहून ओरडले, "खाल्लं! जमिनीतलं सगळं या वेलीने खाल्लं!"

दुपारी पंपघराच्या सावलीत सगळे जेवायला बसले. यंत्र उशिरा आलं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण कोणी तोंडातून काढलं नाही. सून बोलायला गेली, "ओट वाळला होता ना, म्हणून..." तर सासूबाई तिला म्हणाल्या, "पाणी दे बघू सगळ्यांना."

कसं आहे, जावयाला दोष देता येत नाही. मुलाला दिला तर तो उलटून बोलतो. सुनेला द्यावा, तर ती नवी आहे, अजून वर्षही झालेलं नाही. उरलं कोण? मी! तीही कापून मातीत घातलेली, म्हणजे उत्तराची भीतीच नाही.

जेवण संपताना सासऱ्यांनी निकाल दिला. "हे नाटक पुढच्या हिवाळ्यात नको. बी उरलंय ते गुरांना घाला." माझ्यापुरता विषय संपला होता.

मग युरिया आला. पहिल्या हप्त्याबद्दल माझी तक्रार नाही. भुकेल्या मक्याला तेवढा आधार हवाच होता. त्यानंतर काड कुजलं, माझं अडकलेलं नत्र सुटलं आणि मका गडद हिरवा झाला. सासऱ्यांनी पोत्यावर थाप मारली. "बघितलं? याला म्हणतात खत!"

"बाबा, आता दुसरा हप्ता नको," मुलगा म्हणाला. "वेलीचं नत्र मिळतंय मक्याला."

"दरवर्षी दोनदा टाकतो."

"दरवर्षी वेल नसते."

"म्हणूनच दरवर्षी पिवळा पडत नाही!"

सासरे आणि मुलगा ओळींतून युरिया टाकत निघाले. सून बादल्या भरून देत होती आणि पंपघराजवळचा पट्टा तिच्याकडे सोपवला होता. पंपघराजवळच्या पट्ट्यापाशी सासऱ्यांनी लांबून विचारलं, "तिकडचं झालं का गं?"

"झालं, बाबा."

झालं नव्हतं. मी तिथेच होते. भरलेली बादली तिने पंपघरामागे ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

मका माजला. पोट भरलेल्या पाहुण्याला हात धरून पुन्हा जेवायला बसवावं, तशी त्याची गत झाली. उंच, लुसलुशीत, आतून पोकळ. जे त्याला पचलं नाही ते पावसाबरोबर विहिरीच्या वाटेला लागलं. ते पाणी हीच माणसं पितात, पण ते कोणाच्या लक्षात येतंय? मग एके दिवशी जोराचा वारा सुटला आणि शेत आडवं झालं.

"वेलीने माती भुसभुशीत केली," सासरे म्हणाले. "मुळं धरणार कुठे?"

वा! पिवळा पडला तर मी. हिरवा झाला तर युरिया. आडवा झाला तर पुन्हा मी!

"बाबा, पंपघराजवळचा उभा आहे," मुलगा म्हणाला.

सगळे तिकडे गेले. त्या पट्ट्यातला मका ताठ उभा होता. मातीत मी तिथेही होतेच. सासऱ्यांनी एक खोड हलवून बघितलं, मग दुसरं.

"इथे दुसरा हप्ता पडला नाही, बाबा," सून म्हणाली. "मी झालं म्हणाले, ते खोटं होतं."

"अगं बाई!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"मला फसवलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो." ती पुढे बोलत राहिली. "यंत्र उशिरा आलं आणि आळ वेलीवर घेतलात. सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही."

सासऱ्यांनी त्या पट्ट्यातलं एक कणीस मोडलं आणि आडव्या मक्यातलं एक उचललं. दोन्ही सोलून शेजारी शेजारी धरली. पट्ट्यातलं दाण्यांनी गच्च भरलेलं होतं, आडव्या मक्यातलं अर्धं रिकामं. मग दोन्ही तिच्या हातात देऊन घराकडे निघाले.

कापणीनंतर त्यांनी बांधावरूनच खताच्या दुकानदाराला फोन लावला. "यंदा युरिया कमी पाठव. हो, हो, वाटाणा पुन्हा पेरतोय. मुलाने डोकं चालवलं."

"मी नाही, बाबा," मुलगा मागून म्हणाला.

सासरे खाकरले. सुनेकडे बघितलं. "म्हणजे... सुनेने चालवलं." आणि फोन ठेवून दिला.

माझं नाव तिथेही नव्हतं!

आता मी वेल राहिलेली नाही. थोडी माती झाले, थोडी मक्याच्या दाण्यात गेले. बी गुरांना घातलं नाही, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणी इथे उगवतील. जाताना गोड बोलावं म्हणतात, पण मला जमणार नाही. त्यांना वेळेवर कापा. यंत्र कोणाकडेही असो, जाऊन घेऊन या. आणि आभार तुमचे तुमच्याकडेच ठेवा. मी जमिनीत जेवढं ठेवलंय, तेवढं त्या पोत्यातून कमी करा.